विचारपूस पुरे, सोबत हवी

फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झाल्याचे कळताच नात्यागोत्यातून पहिला प्रश्न येतो, ‘सिगारेट ओढायचे का?’ वास्तविक, जन्मात विडीला हात न लावलेल्यांनाही हा रोग होतो. आणि ओढत असले, तरी रुग्णशय्येवरील माणसाची उलटतपासणी कोणत्या धर्मात बसते?

उपचार दीर्घकाळ चालतात. केमोथेरपीची आवर्तने साधारणतः दर तीन आठवड्यांनी येतात. ‘ईजीएफआर’ जनुकातील बदलांचे महत्त्व २००४ साली उमगल्यापासून, तो बदल असलेल्या अनेकांचा आजार रोजच्या गोळीने, कधी काही वर्षेही, आटोक्यात राहू लागला. समाजाची आस्था मात्र पंधरवड्यात ओसरते. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरते. चौथ्या आवर्तनाला रुग्णालयाच्या बाकावर पत्नी एकटीच असते.

केमोनंतर रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. अशा वेळी भेटायला येणाऱ्यांची गर्दी संसर्ग आणते. ताप १००.४ अंशांवर गेला, तर मध्यरात्रीही रुग्णालय गाठावे लागते. तेव्हा गाडी काढणारा शेजारी शंभर सल्लागारांहून मोलाचा. कोणी डबा द्यावा, कोणी औषधे आणावीत, कोणी एक दुपार रुग्णापाशी बसून त्या माउलीला झोपू द्यावे.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात येणाऱ्या परगावच्या रुग्णांना नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आसरा देतात. अनोळखी माणसांसाठी हे घडते. मग आपल्याच जिन्यावरचे दार आपण किती दिवसांत ठोठावले नाही, याचा हिशेब प्रत्येकाने मांडावा.