‘एका रात्रीने काय होतंय?’ असं म्हणणाऱ्यांसाठी

‘‘डॉक्टर, मी गेली पाच वर्षं लेन्स घालूनच झोपते. काही झालं नाही!’’ हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. डोंबिवलीत रोज रूळ ओलांडणारा माणूसही हेच सांगतो. आजवर काही झालं नाही, याचा अर्थ धोका नाही असा होत नाही.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पारदर्शक पडदा. त्यात रक्तवाहिन्या नसतात. तो प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंमार्फत घेतो. डोळे मिटले की हा पुरवठा घटतो. वर लेन्स असली की आणखी घटतो. पापण्यांची उघडझाप थांबल्याने लेन्सखालचे अश्रू बदलत नाहीत आणि तिला चिकटलेल्या जंतूंना रात्रभर उबदार, ओलसर जागा मिळते. स्यूडोमोनास नावाचा जिवाणू एक-दोन दिवसांत कॉर्निया पोखरू शकतो. जखम भरली तरी पांढरा डाग उरतो. यालाच आपण डोळ्यात फूल पडणं म्हणतो. डाग मधोमध असेल तर नजर अधू होते आणि कधीकधी नेत्ररोपणाची वेळ येते.

‘‘पण माझी लेन्स नव्या प्रकारची, श्वास घेणारी आहे.’’ ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, फक्त दिवसा सॉफ्ट लेन्स घालणाऱ्या दर दहा हजारांमागे वर्षाला सुमारे २ जणांना कॉर्नियाचा जंतुसंसर्ग झाला. रात्रीही घालणाऱ्यांमध्ये हा आकडा २० च्या आसपास होता. जास्त प्राणवायू जाऊ देणाऱ्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्सनेही तो कमी झाला नाही.

दोष एकट्या पेशंटचा नाही. लेन्स विकताना नंबर विचारतात, रंग विचारतात, ऑफर सांगतात. ‘रात्री काढायची’ हे किती ठिकाणी बजावून सांगतात? हळदी-संगीतासाठी घेतलेल्या रंगीत, बिननंबरच्या लेन्सना तर कोणी तपासणीही करून घेत नाही. लेन्स विकणाऱ्याने ती घालायला, काढायला आणि स्वच्छ ठेवायला शिकवलंच पाहिजे.

सकाळची लोकल, ऑफिस, परतीची गर्दी, रात्री दहाला घर. उशीला डोकं टेकताच झोप लागते, हे मला कळतं. म्हणूनच लेन्स झोपताना नव्हे, घरात शिरताच काढा. हात साबणाने धुवा, कोरडे करा, लेन्स काढा, चष्मा लावा, जेवण त्यानंतर. गाडीत डुलकी लागत असेल तर प्रवासात चष्माच बरा. लेन्स आणि डबी नळाच्या, टाकीच्या किंवा टँकरच्या पाण्याने धुऊ नका. त्यात अकांथअमीबा असू शकतो, आणि त्याचा संसर्ग महिनोन् महिने छळतो.

चुकून झोपलातच तर कोरडी लेन्स ओढू नका. डोळे ओलसर करणारे थेंब घाला, लेन्स हलू लागली की काढा आणि दिवसभर चष्मा वापरा. लाली, दुखणं, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. लेन्स आणि डबी सोबत न्या. मेडिकलमधून स्टिरॉइडचे थेंब आणून घालू नका.

काही खास लेन्स डॉक्टर रात्री घालायला देतात. तो निर्णय तपासणीनंतर होतो, कंटाळा आला म्हणून नाही. लेन्स काढायला दोन मिनिटं लागतात. तेवढी रोज काढा.