रात्रीची बस आणि आपला चौविहार



सध्या आपल्या महिला मंडळांत नेपाळच्या सहलींचे बेत जोरात आहेत. पत्रक हातात आलं की आपण आधी दोन गोष्टी विचारतो: कांदा-लसूण नसलेलं जेवण मिळेल का, आणि सूर्यास्ताआधी मिळेल का. विचारायलाच हवं. पण त्याच पत्रकात ‘रात्री बसने प्रवास’ अशी एक ओळ असते, तिच्यावरून आपली नजर तशीच पुढे जाते. सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही न घेणाऱ्या आपण रात्री डोंगरातल्या बसमध्ये मात्र निमूटपणे चढतो.

मी हा प्रवास केला आहे, काठमांडू ते सोनौली. दिवसाची बस ठरली होती, ऐनवेळी आयोजकांनी रात्रीची दिली. मुगलिंग ते नारायणघाट हा रस्ता साधारण ३६ किलोमीटरचा. एका बाजूला उभा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली त्रिशूली. अंधारात नदी दिसत नाही, नुसता आवाज येतो. रस्त्यावर दगड-माती आलेली आणि ड्रायव्हर एकटाच. मध्येच बस थांबवून तोंडावर पाणी मारून घेत होता बिचारा. आम्ही सगळ्या नवकार म्हणत बसलो होतो. सुखरूप पोचलो, तेव्हा एक जण म्हणाली, “नवकारनेच तारलं.”

माझीही नवकारवर तितकीच श्रद्धा आहे. पण नवकार काही ब्रेकचं काम करायला दिलेला नाही. धोका टाळण्याचा विवेकही त्याच धर्माने शिकवला आहे.

१२ जुलै २०२४ ला याच रस्त्यावर, सिमलताल इथे पहाटे साडेतीनच्या सुमारास दरड कोसळली आणि दोन बस त्रिशूलीत गेल्या. साठाहून अधिक माणसं होती, उड्या टाकून वाचले ते तिघे. कित्येक दिवस शोधूनही बस सापडल्या नाहीत. पुढच्याच महिन्यात, २३ ऑगस्टला, पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली बस मर्स्यांगदी नदीच्या काठावर कोसळली. त्यात आपल्या जळगाव जिल्ह्यातले यात्रेकरू होते. २७ जण गेले.

तुम्ही म्हणाल, ही दुसरी बस तर दिवसाच होती. खरं आहे. डोंगर दिवसाही डोंगरच असतो. पण उजेडात अपघात दिसतो, मदत लवकर पोचते, जखमींना बाहेर काढता येतं. पहाटे साडेतीनला काठावर कोण असणार?

आणि दोन्ही अपघात पावसाळ्यातले. आपले साधू-साध्वी पावसाळ्याचे चार महिने एका ठिकाणी राहतात. एरवीही रात्री विहार करत नाहीत. ईर्यासमिती म्हणजे चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकणं. ते जीवदयेसाठी आहे, पण त्यात आपलाही जीव आलाच की! श्रावकांसाठी दिग्व्रत सांगितलं, तेही जाण्या-येण्याला मर्यादा असावी म्हणूनच.

आणखी एक गोष्ट मला सलते. आपण करणं, करवणं आणि अनुमोदन देणं, तिन्ही सारखं मोजतो. मग दिवसभर राबलेल्या माणसाला रात्रभर जागं ठेवून गाडी चालवायला लावणं, हे करवणं नाही का? त्याचीही बायको-मुलं घरी वाट पाहत असतात.

रात्रीचा प्रवास का ठेवतात, तर हॉटेलचं एका रात्रीचं भाडं वाचतं. मी कॉमर्सची पदवीधर, हिशेब मलाही कळतो. पण या वहीत जमेला एक खोलीभाडं आहे आणि नावे चाळीस जणांचा जीव. असा ताळेबंद कुठली शहाणी गृहिणी मान्य करेल?

तेव्हा पैसे भरण्याआधी आयोजकांना चार प्रश्न विचारा. डोंगरातली बस सकाळी किती वाजता निघणार? अंधाराआधी मुक्कामी पोचणार का? दुसरा ड्रायव्हर आहे का? पावसाने रस्ता बंद झाला तर थांबण्याची सोय काय? उत्तरं लेखी घ्या. बस बदलली तर “आम्ही सकाळी निघू” असं सगळ्या मिळून सांगा. एकटीचं कोणी ऐकत नाही, चाळीस जणींचं ऐकावंच लागतं.

आपण जेवणाची वेळ ठामपणे सांगतो, तेव्हा आयोजक ती पाळतात. बसची वेळही तितक्याच ठामपणे सांगू या.