प्रकल्प आला, गेला की लादला?

'प्रकल्प' म्हटलं की तुम्हाला आधी काय आठवतं? बहुतेक पर्यावरण विषयाची, शेवटच्या रात्री कशीबशी पूर्ण केलेली ती फाईल. पण पेण-रोह्यात राहत असाल तर पेपरात हा शब्द जरा सावकाश वाचा. पान बदललं की त्याच्यापुढचं क्रियापद बदलतं, आणि खरी बातमी त्या क्रियापदात असते.

बल्क ड्रग पार्क आठवतंय? औषधांचा कच्चा माल बनवणारे कारखाने रोहा आणि मुरूड तालुक्यांत आणायचा राज्याचा प्रस्ताव होता. उद्योगाच्या पानावर हा 'येणारा' प्रकल्प, सोबत गुंतवणूक आणि रोजगार. जिल्ह्याच्या पानावर जमिनी द्यायला तयार नसलेल्या शेतकऱ्यांचा 'नको असलेला' प्रकल्प. २०२२ मध्ये केंद्राने गुजरात, हिमाचल प्रदेश आणि आंध्र प्रदेशची निवड केली. त्याच सुमारास वेदान्त-फॉक्सकॉनचा वाद पेटला आणि राजकीय बातम्यांत हाच प्रकल्प 'पळवलेला' झाला. जमीन तीच, गावं तीच. पण ज्यांच्या शेतात तो येणार होता त्यांचं म्हणणं या पळवापळवीच्या गदारोळात कुठच्या कुठे गेलं.

पेणची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. महामुंबई सेझसाठी जमिनी घ्यायच्या की नाही, यावर २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं. तुमच्यातले काही तेव्हा जेमतेम पाळण्यात असतील! ही गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली. शेतकऱ्यांचा मुद्दा सरळ होता. आमच्या शेताला पाणी देणारा पाटबंधारे प्रकल्प आहे, तो पूर्ण करा, जमीन मागू नका. म्हणजे एका प्रकल्पाच्या जोरावर दुसऱ्याला नकार. मग अशा गावांना 'प्रकल्पविरोधी' म्हणायचं तरी कसं? मथळ्यात मात्र हा शब्द पटकन बसतो.

आता 'ग्रस्त' बघा. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त आणि त्याच रांगेत प्रकल्पग्रस्त. जो प्रकल्प एका पानावर प्रगती असतो, तो दुसऱ्या पानावर चक्क आपत्तींच्या पंगतीला बसतो. कायद्याच्या भाषेत याला 'प्रकल्पबाधित' म्हणतात. सरकारी नोकरीचा फॉर्म भरताना ५ टक्के समांतर आरक्षणाचा जो 'प्रकल्पग्रस्त' रकाना दिसतो, त्यामागे कुणाच्या तरी आजोबांची गेलेली जमीन असते.

घरांच्या जाहिराती तर वेगळंच जग. तिथे प्रकल्प म्हणजे एक इमारत, आणि ती नेहमी 'साकारते', तीही 'निसर्गाच्या कुशीत'. २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या नवनगरासाठी एमएमआरडीएची नेमणूक झाली. या कुशीला 'तिसरी मुंबई' असं नाव मिळालंय. शेतकऱ्यांनी घेतलेल्या हरकतींची बातमी मात्र वेगळ्या पानावर, बहुतेकदा एका कॉलमात.

उरली ती सगळ्यात कंटाळवाणी जागा, जाहीर सूचना. बारीक टाइप, 'सदर प्रकल्प' अशी भाषा, आपण पान उलटतो. पण मोठ्या कारखान्याला पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी लागणार असेल तर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार तिची सूचना स्थानिक भाषेतल्या दैनिकात द्यावीच लागते, आणि लोकांना म्हणणं मांडायला किमान ३० दिवस द्यावे लागतात. अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत बघायला मिळतो. हरकत लेखीही देता येते. धाटावच्या आसपास किंवा खाडीकाठच्या तुमच्या गावाचं नाव त्या बारीक टाइपात दिसलं, तर आधी सुनावणीची तारीख आणि जागा मोबाइलमध्ये टिपून ठेवा.