मलाच कसा झाला?



भोर-वेल्ह्यातल्या बैठकांत एचआयव्हीचा विषय निघाला की बायका आधी गप्प होतात. मग एखादी हळूच विचारते, "एकाच घरात राहतो, एकाच चुलीवरचं खातो. सासूला नाही झाला, दिराला नाही झाला. मलाच कसा झाला?" घरानं तिला उत्तर आधीच देऊन टाकलेलं असतं : तुझंच काहीतरी वाकडं असेल. नवरा पुण्या-मुंबईला कामाला राहिला, पण त्याला कुणी काही विचारत नाही. तो गेला तर पांढऱ्या पायाची तीच ठरते.

या प्रश्नाचं खरं उत्तर विज्ञानानं शोधलं आहे. ते डॉक्टरांपुरतं राहू नये, म्हणून हे संपादकीय.

एचआयव्ही हा स्वतःच्या बळावर काहीच करू न शकणारा विषाणू आहे. त्याच्याजवळ जनुकं अवघी नऊ. वाढण्यासाठी त्याला आपल्या ठरावीक पांढऱ्या पेशी लागतात आणि त्या पेशींमधली प्रथिनं लागतात. पेशीच्या बाहेरच्या अंगाला सीडी-४ नावाचं प्रथिन असतं, त्याला तो आधी चिकटतो. तेवढ्यानं भागत नाही. सीसीआर-५ किंवा सीएक्ससीआर-४ हे दुसरं प्रथिनही लागतं. दोन्ही कड्या निघाल्या की दार उघडतं. ही प्रथिनं विषाणूसाठी नाहीत. रोगाशी लढताना पेशींना एकमेकींचे निरोप कळावेत, म्हणून ती आहेत.

आत शिरल्यावरही तीच तऱ्हा. विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करतो. तो डीएनए आपल्या गुणसूत्रात नेमका कुठं बसवायचा, ते एलईडीजीएफ हे आपलंच प्रथिन दाखवतं. मग विषाणूचं टॅट प्रथिन आपल्या सायक्लिन टी-१ ला कामाला जुंपतं आणि प्रती भराभर निघू लागतात. पेशी स्वस्थ बसत नाही. एपोबेक-३जी हे तिचं प्रथिन विषाणूच्या डीएनएमध्ये चुका घालून तो निकामी करू पाहतं. पण विषाणूचं व्हिफ प्रथिन पेशीच्याच यंत्रणेकरवी त्याचा नाश घडवून आणतं.

हे संशोधन केवळ परदेशातलं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. देबाशिष मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिलं, की पेशीवर ताण आला की तिला सावरणाऱ्या प्रथिनांपैकी एचएसपी-४० ला विषाणूचं नेफ प्रथिन हाताशी धरतं आणि विषाणूची वाढ करून घेतं. सावरणाऱ्यालाच राबवून घेण्याची ही रीत आपल्याला अनोळखी नाही!

तर मग सासूला का झाला नाही? कारण ताटातून, कपड्यांतून, सोबत राहण्यातून विषाणू त्या पेशींपर्यंत पोचत नाही. तो पोचतो संभोगातून, रक्तातून, दूषित सुईतून आणि आईकडून बाळाला. संभोगात बाईला धोका जास्त. योनिमार्गाच्या अस्तराचा पृष्ठभाग मोठा, आणि वीर्य तिथं बराच वेळ राहतं. त्यात जंतुसंसर्ग असेल, तर त्याच्याशी लढायला शरीर सीडी-४ आणि सीसीआर-५ असलेल्या पेशी तिथंच गोळा करतं. विषाणूला आयतीच दारं मिळतात. अंगावरून जातं, खाज सुटते, ओटीपोट दुखतं, हे दुखणं 'बाईच्या जातीला असायचंच' म्हणून आपण वर्षानुवर्षं अंगावर काढतो. ते किती महागात पडतं, हे यावरून कळावं.

या सगळ्यात चारित्र्य कुठं आलं? विषाणू प्रथिन ओळखतो, मंगळसूत्र ओळखत नाही. पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेनं तपासणी केली. त्यांतल्या १३.६ टक्के बाधित निघाल्या. हा आकडा दवाखान्यात आलेल्यांचा, सगळ्या समाजाचा नव्हे. पण नवऱ्याखेरीज कुणाशीही संबंध नसलेल्या विवाहितांपर्यंत लागण पोचली आहे, हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानं जगासमोर मांडलं. त्या स्त्रियांचा धोका होता तो नवरा. त्याला कंडोम वापर म्हणण्याची सोय त्यांना नव्हती.

आज औषधं आहेत. २००४ पासून सरकार ती मोफत देऊ लागलं. नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू सापडेनासा होऊन तसाच राहिला, तर संभोगातून लागण होत नाही. पण 'रिपोर्ट चांगला आला' म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत. आपल्या गुणसूत्रात बसलेला विषाणू काही पेशींत निपचित पडून असतो. गोळ्या थांबल्या की तो पुन्हा उठतो. म्हणून भातलावणीच्या धांदलीतही गोळी चुकता कामा नये. आणि ती चुकू नये हे एकट्या बाईवर सोडून चालणार नाही. दूरच्या वाडीवरून तालुक्याला जाण्यात रोजगार बुडतो, हे व्यवस्थेनंही ध्यानात घ्यायला हवं.

कायदाही आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. बाधित बाईला राहत्या घरातून काढता येत नाही. जोडीदाराला सांगितल्यानं तिला मारहाण होईल वा टाकून दिलं जाईल अशी रास्त भीती असेल, तर डॉक्टरांनी ते त्याला सांगू नये, असंही कायदा म्हणतो.

तेव्हा गावोगावच्या गटांनी तीन कामं हाती घ्यावीत. सरकारी दवाखान्यात बायकांच्या आजारांची तपासणी ठरल्या दिवशी आणि आडोशाला व्हावी, असा आग्रह धरावा. घराबाहेर काढलेल्या बाईमागं कायद्याची प्रत घेऊन उभं राहावं. आणि बैठकीत पुन्हा कुणी "मलाच कसा झाला?" असं विचारलं, तर तिच्याशेजारी बसून, वर लिहिलेलं आपल्या शब्दांत सांगावं. तिचा दोष नाही, हे तिला पहिल्यांदा आपल्याच तोंडून ऐकायला मिळू दे.

— संपादक मंडळ