तलावांतील मत्स्यनिवारे : आसरा की सापळा?

सागरी किनाऱ्यालगत कृत्रिम भित्तिका उभारण्याचे काम भारतात आता नवे राहिलेले नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तांत्रिक मार्गदर्शनाने तमिळनाडूच्या किनाऱ्यावर अशा भित्तिका उभ्या राहिल्या आणि प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेमुळे हा उपक्रम अन्य किनारी राज्यांतही पोहोचला. गोड्या पाण्याच्या तलावांत व जलाशयांतही असे निवारे का उभारू नयेत, हा प्रश्न त्यामुळे साहजिकच उपस्थित होतो. 2021 मध्ये मत्स्यपालनाला शेतीचा दर्जा देणाऱ्या छत्तीसगडसाठी तर तो विशेष महत्त्वाचा आहे. मात्र, समुद्रातील उपाय तलावात जसाच्या तसा लागू पडेल, असे मानणे घाईचे ठरेल.

छत्तीसगडच्या लोकस्मृतीत तलावांची संख्या ‘छै आगर छै कोरी’, म्हणजे सहा विसा आणि वर सहा, अशी 126 सांगितली जाते. रायपूर शहरही तलावांभोवतीच वाढले. बुढा तालाब, तेलीबांधा, महाराजबंध ही नावे आजही शहराच्या बोलण्यात आहेत. तलावाचा उतरता काठ, तेथील उथळ पाणी आणि त्यातील पाणवनस्पती हा माशांचा मूळ निवारा होय. मरळ मासा अशाच वनस्पतींच्या आडोशाला घरटे करून पिल्लांची राखण करतो. सुशोभीकरणात काठ बांधीव झाला, की हा पट्टा प्रथम नाहीसा होतो. गावतलावांत बेशरमाच्या झुडपांनी आणि जलपर्णीने उपयुक्त वनस्पतींची जागा घेतली, तरी परिणाम तोच होतो. कृत्रिम निवाऱ्याची गरज या हानीतून निर्माण झाली आहे, हे प्रथम मान्य करावयास हवे.

निवाऱ्यांचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. पाण्यात रोवलेल्या बांबूंवर व फांद्यांवर शेवाळ आणि सूक्ष्मजीवांचा थर साचतो. रोहूसारख्या माशांना तो खाद्य म्हणून उपयोगी पडतो आणि लहान माशांना शिकारी माशांपासून लपण्यास जागा मिळते. परंतु रोहू, कटला व मृगळ हे प्रमुख कार्प साचलेल्या पाण्याच्या तलावात सहसा प्रजनन करीत नाहीत. त्यांचे बीज बाहेरून आणूनच सोडावे लागते. त्यामुळे निवारा उभारताच या जातींची पैदास वाढेल, ही अपेक्षा निराधार आहे. त्याचा खरा लाभ मरळ, सिंघी यांसारख्या स्थानिक जातींना आणि सोडलेल्या बोटुकलीच्या जगण्याला होऊ शकतो.

धोका याच गुणात दडलेला आहे. मासे आडोशाला गोळा होतात, म्हणून ते तेथे पकडणेही सोपे जाते. बांगलादेशातील ‘काठा’ ही पद्धत याच तत्त्वावर चालते. फांद्यांचे ढीग पाण्यात ठेवून मासे जमू द्यावयाचे आणि मग भोवती जाळे लावून ते काढून घ्यावयाचे. मासेमारीचे तंत्र म्हणून ते कुशल असेल, परंतु संवर्धन म्हणून त्याची गणना करता येणार नाही. पहिल्या वर्षी उत्पन्न वाढलेले दिसेल आणि नंतरच्या वर्षी तलाव रिकामा होईल, अशी स्थिती सरकारी खर्चाने निर्माण होऊ नये.

या बाबतीत पूर्व विदर्भाचा अनुभव छत्तीसगडला जवळचा वाटावा असा आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दोन्ही प्रदेश एकाच प्रशासनाखाली होते आणि मालगुजारी तलावांचा वारसाही समान आहे. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव परिसरातील ढीवर समाजाने ‘फाउंडेशन फॉर इकॉनॉमिक अँड इकॉलॉजिकल डेव्हलपमेंट’ या संस्थेसमवेत तलावांतील बेशरम काढले आणि स्थानिक पाणवनस्पतींची पुन्हा लागवड केली. कोणती वनस्पती कोणत्या खोलीवर तग धरते आणि कोणता मासा तिच्या आश्रयाला येतो, हे ज्ञान मासेमारांकडे पिढ्यान्‌पिढ्या होतेच. तेथे निवारा उभारला गेला तो जिवंत वनस्पतींचा.

म्हणून छत्तीसगडमध्ये क्रम ठरविणे अगत्याचे आहे. जेथे काठ आणि वनस्पती परत आणता येतील, तेथे प्रथम तेच करावे. जेथे ते शक्य नाही, अशा बांधीव शहरी तलावांत किंवा गंगरेलसारख्या जलाशयांत, कृत्रिम निवारे उभारावेत. जलाशयाची पातळी उन्हाळ्यात बरीच उतरत असल्याने निवाऱ्याची खोली किमान पातळी पाहूनच ठरवावी. साहित्य बांबू, फांद्या, दगड असे निर्धोक असावे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ 1970 च्या दशकात लाखो टायर टाकून केलेली भित्तिका विस्कटली आणि नैसर्गिक प्रवाळांनाच इजा करू लागली, हे विसरू नये.

जागेची निवड केवट, ढीमर आणि निषाद मासेमारांच्या संमतीने व्हावी. अन्यथा त्यांची ओढजाळी निवाऱ्यात अडकून फाटतील आणि ते उखडले जातील. प्रत्येक निवाऱ्याभोवती मासेमारी वर्ज्य असलेला पट्टा असावा आणि त्याच्या राखणीची जबाबदारी स्थानिक सहकारी संस्थेकडे द्यावी. ज्या तलावाचा ठेका अल्पमुदतीचा आहे, तेथे ही राखण कोणी मनापासून करणार नाही. त्यामुळे ठेक्याची मुदतही या योजनेचाच भाग मानावी लागेल.

संशोधन संस्थांचे काम याहून पुढचे आहे. निवारा असलेला आणि नसलेला अशा सारख्या तलावांच्या जोड्या निवडून काही वर्षे नोंदी ठेवाव्यात. त्या नोंदींत पकडलेल्या माशांच्या वजनाबरोबरच तलावात उरलेल्या पिल्लांची आणि स्थानिक जातींची मोजणी असावी. निधीचा पुढील हप्ता उभारलेल्या निवाऱ्यांच्या संख्येवरून न ठरता या मोजणीवरून ठरावा.