गुण आहेत, कागद कुठे आहेत?

एमबीएच्या प्रवेशाचे दिवस आले की बोदवडच्या सेतू केंद्रावर एकच धावपळ उडते. सीईटीला गुण चांगले पडलेले असतात, पण नॉन-क्रीमिलेयरची मुदत ३१ मार्चलाच संपलेली असते. हातची जागा अशी जाताना पाहून जीव तुटतो, म्हणूनच हा अंक अर्जातल्या चुकांवर काढला आहे.

गुण वाढवायच्या युक्त्या क्लासवाले सांगतातच. आम्ही भर दिला आहे तो केंद्रीय प्रवेश फेरीतल्या पसंतीक्रमावर. मित्राची यादी उतरवू नका. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की पुढच्या फेरीत बदल करता येत नाही. मुंबईचं जमनालाल बजाज मनात असेल तर ते वरच लिहा. घाबरून जवळचं कॉलेज पहिलं टाकू नका. आणि आयआयएमच्या मुलाखतीत पाठ केलेलं ‘नेतृत्व’ नको. क्विंटलमागे वेचणीची मजुरी, जिनिंगपर्यंतचं भाडं आणि हाती उरलेले पैसे, हा घरच्या कापसाचा हिशेब नीट मांडता आला तर तो खरा अनुभव आहे.

तुमचा अर्ज कुठे अडला, ते आम्हाला जरूर लिहा. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.