परदेश-सहल, पगारी रजा आणि बंगळूरची छोटी कंपनी

शाळांना सुट्ट्या लागल्या की बंगळूरहून देवनहळ्ळीच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक नवे दृश्य दिसू लागते. सोलापूर, कोल्हापूर, बेळगाव, नागपूर अशा गावांतून नोकरीसाठी या शहरात येऊन स्थिरावलेली मराठी कुटुंबे परदेशी निघालेली असतात. बरोबर गावाकडून आणलेले आईवडील असतात. त्यांचे पासपोर्ट आयुष्यात प्रथमच निघालेले असतात. पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या आणि मेतकुटाची बाटली असते. सिंगापूर, थायलंड, फार तर युरोपचा दहा-बारा दिवसांचा फेरा. त्यामागे दोन-तीन वर्षांची शिल्लक असते आणि ती पुरली नाही म्हणून काढलेले कर्जही असते. या सामानात आणखी एक वस्तू हटकून सापडते : कंपनीचा लॅपटॉप.

आपल्या कार्यकर्त्यांपैकी काहींना हे दृश्य पाहून नाक मुरडावेसे वाटते. गिरण्या बुडाल्या, शेतकरी कर्जात रुतला, आणि हे चालले बर्फ पाहायला, असा तो सूर असतो. हा सूर चुकीचा आहे, आणि तो नेमका कोणाचा सूर आहे हेही लक्षात घेतले पाहिजे. १९३६ साली फ्रान्समध्ये लोकआघाडी निवडून आली, संपाच्या लाटेने कारखाने व्यापले गेले आणि जूनमध्ये दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा झाला. ऑगस्टपासून रेल्वेने कामगारांना वार्षिक रजेच्या तिकिटावर ४० टक्के सवलत दिली. लाखो कामगारांनी त्या वर्षी पहिल्यांदा समुद्र पाहिला. तेव्हा उजव्या वृत्तपत्रांनी त्यांची चेष्टा केली ती याच शब्दांत : टोपीवाल्यांची ही गर्दी आमच्या किनाऱ्यांवर कशाला? कष्टकऱ्याने प्रवास करू नये, जग पाहू नये, ही मागणी श्रमिकांच्या चळवळीने कधी केलेली नाही. लॅपटॉपकडे बोट दाखवावे, बर्फाकडे नव्हे.

महाराष्ट्रात या लढ्याचा इतिहास नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापासून सुरू होतो. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, अनेक वर्षांच्या अर्ज-सभा-मोर्चांनंतर. त्यानंतर वर्षातून काही दिवस पगारासह घरी राहण्याचा हक्क कायद्यात यायला आणखी ५५ वर्षे जावी लागली. १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामगाराला वर्षभराच्या नोकरीनंतर दहा दिवसांची पगारी रजा मिळाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने ती २० दिवसांच्या कामामागे एक दिवस अशी ठरवली. कर्नाटकाच्या १९६१ च्या दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्यातही हेच प्रमाण आहे. बंगळूरच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीला लागू होतो तो हा कायदा. म्हणजे त्या अभियंत्याची रजा ही मालकाने दिलेली देणगी नाही. ती त्याने २०-२० दिवसांच्या कामाने कमावलेली मिळकत आहे.

प्रवासाच्या स्वातंत्र्याचेही असेच. परदेशी जाण्याचा अधिकार हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली दिला, आणि त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. निर्णय स्वागतार्हच होता. पण पासपोर्ट हाती असलेल्या माणसाजवळ रजा नसेल, तर त्याचे स्वातंत्र्य कपाटात राहते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी रजा-प्रवास सवलत १९५६ साली सुरू झाली. तिच्यामागे निदान एवढी जाणीव होती, की रजा आणि प्रवासाचे भाडे या दोन्हींशिवाय सहलीचा हक्क पोकळ आहे. सवलत अर्थात देशातल्या प्रवासापुरतीच. स्टेट बँकेच्या काही कर्मचाऱ्यांनी मदुराईला जाता जाता कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर असा वळसा घातला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने ही करसवलत त्यांना नाकारली. (मदुराईची ही वाट शोधून काढणाऱ्याच्या भूगोलाचे मात्र कौतुक करावे लागेल.) २०२३-२४ पासून जी नवी करपद्धती मूळ म्हणून धरली जाते, तिच्यात ही सवलत देशातल्या प्रवासालाही उरलेली नाही.

बंगळूर हे मुळात सार्वजनिक क्षेत्राचे शहर. विमाने, दूरध्वनी, घड्याळे, इलेक्ट्रॉनिक साहित्य, मातीकामाची अवजड यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यांतील कामगारांनी १९८०च्या डिसेंबरात वेतनसमानतेसाठी संप पुकारला तो ७७ दिवस चालला. त्या पिढीच्या घरात रजेचा हिशेब छापील नियमावलीत होता आणि नियमावलीमागे युनियन उभी होती. आज त्याच शहरात कोरमंगला किंवा एचएसआर लेआउटमधल्या एखाद्या मजल्यावर दहा-बारा माणसांची कंपनी चालते. ना नियमावली, ना युनियन. नेमणूकपत्रात पुष्कळदा एक मोहक ओळ असते : रजा अमर्याद आहे, हवी तेवढी घ्या.

या अमर्याद रजेचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. ज्या रजेचे दिवस मोजले जात नाहीत, ती साठत नाही. साठत नाही म्हणून नोकरी सोडताना तिचे पैसे मागण्याचा प्रश्न मालकाच्या लेखी उद्भवत नाही. हक्काचे दिवस किती हे कोणी सांगत नसल्याने माणूस शेजारच्याकडे पाहून रजा घेतो, आणि शेजारचा त्याच्याकडे पाहून घेत नाही. जिथे मर्यादा लिहिलेली नसते तिथे ती लाजेने घातली जाते, आणि लाजेची मर्यादा कायद्याच्या मर्यादेपेक्षा नेहमीच तोकडी असते.

या धंद्यात ‘रनवे’ म्हणतात ते विमानतळावरच्या धावपट्टीला नव्हे. गुंतवणूकदाराने ओतलेला पैसा आणखी किती महिने पुरेल, त्या हिशेबाला तो शब्द आहे. चौदा महिने उरले, अकरा उरले, सात उरले, हा आकडा सर्वांना माहीत असतो. रजेचा अर्ज या आकड्यासमोर टाकायचा असतो. अशा कंपनीत बदली कामगार नसतो. एका माणसाच्या डोक्यात जी प्रणाली असते ती दुसऱ्याच्या डोक्यात नसते. मग सहलीला निघालेला माणूस हॉटेलच्या खोलीत, आईवडील झोपल्यावर, भारतीय वेळेप्रमाणे बैठकीला हजेरी लावतो. बायको दोन दिवस काही बोलत नाही, तिसऱ्या दिवशी मुलांना घेऊन एकटीच बाहेर पडते. तिच्याही कार्यालयातून संदेश येत असतात, पण मुलांचे बूट, सासूबाईंच्या गोळ्या आणि सामानाची यादी हे काम तिचेच ठरलेले असते. त्या कामातून रजा तिला परदेशातही नाही.

खरा प्रश्न परतल्यावर कळतो. बारा दिवस त्याचे काम कोणी केलेले नसते, ते फक्त साचलेले असते. पुढचे दोन-तीन शनिवार-रविवार, आणि रोजचे तीन-चार तास वरकड, असे ते फेडावे लागते. मराठवाड्यातला ऊसतोड कामगार हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतो आणि मग कोयत्याने ती फेडत राहतो. दोघांच्या जगण्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ऊसतोडणी करणाऱ्या बाईच्या हालांशी या अभियंत्याची तुलना करणे हा तिचा अपमान होईल. परंतु व्यवहाराचे स्वरूप ओळखीचे आहे. जी रजा नंतर श्रमाने परत करावी लागते, ती रजा नसते, ती उचल असते.

यावर छोट्या कंपनीच्या मालकाचे उत्तर तयार असते, आणि ते सगळेच खोटे नसते. दहा माणसांतून एक गेला तर दहावा हिस्सा काम थांबते. मालक स्वतःही रात्री अकराला कार्यालयातच असतो. आपण सगळे एक कुटुंब आहोत. पैकी कुटुंबाचा मुद्दा सोडून देता येईल, कारण रनवे संपत आला की या कुटुंबातली माणसे एका सकाळी ईमेलने कमी केली जातात. कामाचा मुद्दा मात्र तपासला पाहिजे. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये, आणि अधिक तपशिलाने २०२१ मध्ये, बँकांना असा आदेश दिला, की संवेदनशील जागेवरील कर्मचाऱ्याला दरवर्षी सलग किमान दहा कामाचे दिवस सक्तीने रजेवर पाठवावे, तेही पूर्वसूचना न देता; आणि त्या काळात अंतर्गत ईमेल वगळता कामाच्या कोणत्याही साधनाला त्याचा हात लागू नये. हेतू कर्मचाऱ्याच्या विश्रांतीचा नव्हता. गैरव्यवहार उघडकीस यावेत हा होता. पण यावरून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते. पैशाच्या सुरक्षिततेसाठी गरज पडली, तेव्हा ज्याच्यावाचून काम अडते असा माणूसही दहा दिवस पूर्ण बाजूला काढता येतो आणि बँक चालते. मग पैशासाठी जे शक्य झाले, ते माणसासाठी अशक्य कसे? दहा जणांच्या कंपनीला अकरावा नेमायचा नसतो, एवढेच याचे उत्तर आहे. तो खर्च वाचतो तो गुंतवणूकदाराच्या खात्यात, आणि भरला जातो कर्मचाऱ्याच्या झोपेतून. भागभांडवलातला हिस्सा देऊ केलेला असतो, हे खरे. पण तो हिस्सा कागदावरचा. कंपनी विकली गेली नाही किंवा बाजारात उतरली नाही, तर त्याचे मोल शून्य.

सरकारांनी या लहानपणाला आश्रय दिला आहे. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यातून कर्नाटकने माहिती-तंत्रज्ञान उद्योगाला वर्षानुवर्षे सूट दिली. २०२४ च्या जूनमध्ये ती आणखी पाच वर्षांसाठी वाढवली, आणि तिच्यात स्टार्टअपचा उल्लेख नावानिशी होता. केंद्राच्या २०१६ च्या स्टार्टअप योजनेत काही कामगार कायद्यांबाबत कंपनीनेच स्वतःला प्रमाणपत्र द्यावे आणि तीन वर्षे तपासणी होऊ नये, अशी तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९४६ चा कायदाच गेला. आता स्थायी आदेशांसाठी किमान ३०० कामगारांची अट आहे. बारा जणांच्या कंपनीला सूटही मागावी लागत नाही. पगारी रजेसाठी वर्षाला २४० ऐवजी १८० दिवसांचे काम पुरेल, ही नव्या संहितेतील सुधारणा मान्य केली पाहिजे. पण ‘कामगार’ या व्याख्येतून व्यवस्थापकीय व प्रशासकीय काम करणारे वगळलेले आहेत, आणि छोट्या कंपनीत तर पंचविशीतला मुलगाही ‘मॅनेजर’ किंवा ‘हेड’ असतो. न्यायालये पदनामापेक्षा प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहत आली आहेत, हे त्या मुलाला कोणी सांगितलेले नसते.

१९८१ साली पुण्यात सात अभियंत्यांनी सुरू केलेली आणि १९८३ मध्ये बंगळूरला गेलेली इन्फोसिस ही एके काळी अशीच छोटी कंपनी होती. तिचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा उपदेश केला. २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तास गाजले. हे नुसते उपदेश राहिले नाहीत. २०२४ च्या जुलैमध्ये कर्नाटकात दिवसाला बारा तासांहून अधिक काम घेता येईल अशी दुरुस्ती चर्चेस आली. २०२५ च्या जूनमध्ये रोजचे नऊ तास दहा करण्याचा आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ५० वरून १४४ तासांवर नेण्याचा प्रस्ताव आला. दोन्ही वेळी विरोधाला उभी राहिली ती २०१७ मध्ये स्थापन झालेली कर्नाटक राज्य आयटी कर्मचारी युनियन. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत मांडले. १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेत मंजूर झालेले नाही. तेव्हा या मागणीचे ठिकाण सभागृहाबाहेरच आहे. रजेचे दिवस नेमणूकपत्रात आकड्याने लिहून घेणे आणि रजेच्या काळात केलेल्या कामाचा दिवस रजेतून न कापू देणे, या दोन गोष्टी बारा जणांच्या कंपनीतही एकत्र येऊन मागता येतात.

बंगळूरहून परदेशी गेलेल्यांत आणखी एक वर्ग होता, त्याची आठवण या संदर्भात करणे भाग आहे. २०१७ मध्ये कर्नाटक सरकारने शहराचे रस्ते झाडणाऱ्या पौरकर्मिकांना तुकड्यातुकड्यांनी सिंगापूरला पाठवले, यंत्राने सफाई कशी होते ते पाहायला. ते यंत्रे पाहून आले आणि त्याच झाडूवर रुजू झाले. त्यांच्यातील साडेबारा हजारांहून अधिकांना कायम नेमणुकीची पत्रे मिळायला २०२५ चा मे दिन उजाडावा लागला. आणि जे मराठी कुटुंब बारा दिवस सहलीला जाते, त्याच्या घरी भांडी घासायला येणारी बाई त्या बारा दिवसांत काय करते, हाही प्रश्न उरतो. कुलूप घरमालकाने लावलेले असते, काम तिने नाकारलेले नसते. तरी महिनाअखेरीस बऱ्याच घरांतून तिच्या हातावर बारा दिवस कापूनच पैसे ठेवले जातात. वर सांगितलेल्या रजेच्या कायद्यांपैकी एकही तिच्यापर्यंत पोचत नाही.